वाघ दिसला नाही, तर पैसे कशाचे?

मे महिन्यातली सकाळची सफारी उरकून आमची जिप्सी ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे परतत होती. उन्हं चढली होती, कपड्यांवर धुळीचा थर बसला होता. चार तासांत आम्ही पुष्कळ काही पाहिलं होतं. रानकुत्र्यांची टोळी आमच्या समोरून रस्ता ओलांडून गेली होती. एक अस्वल पिल्लाला पाठीवर घेऊन बांबूच्या बेटात शिरलं होतं, आणि ते पिल्लू आईच्या केसांना घट्ट धरून मागे वळून आमच्याकडे बघत होतं. पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तकाने लांब पांढरी शेपटी फडकावत तीनदा सूर मारला होता. वाघ मात्र दिसला नव्हता. आमच्याबरोबर पुण्याहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातले गृहस्थ गाईडला म्हणाले, "वाघ दिसला नाही, तर मग एवढे पैसे कशाचे?"

गाईड पंचविशीतला मुलगा, बफरमधल्याच, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावचा. तो काही बोलला नाही. गेटवर उतरताना त्याच्या हातावर कुणी काही ठेवलं नाही. मी थोडा वेळ त्याच्याशी बोलत थांबले. आदल्या संध्याकाळच्या फेरीत वाघीण दिसली, तेव्हा त्याच्या मित्राला दोन हजार टिप मिळाली होती. "काम तर दोघांनी सारखंच केलं नं, मॅडम," एवढंच तो म्हणाला. त्याच पहाटे त्याची आई गावातल्या बायकांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होती. आम्ही वाघ दिसावा म्हणून डोळे ताणून बसलो होतो, आणि तिला तो दिसू नये म्हणून तिच्या घरचे देवाला हात जोडत होते.

त्या गृहस्थांचा प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला. नंतर मात्र तो डोक्यातून गेला नाही, कारण प्रश्न खरा आहे. चार माणसांचं कुटुंब पुण्याहून नागपूरला येतं, तिथून गाडी करून ताडोब्याला पोहोचतं, दोन रात्री रिसॉर्टमध्ये राहतं, तीन सफाऱ्या करतं. महिन्याचा पगार खर्ची पडतो. टूर कंपनीच्या जाहिरातीत पानभर वाघाचा चेहरा असतो. काही जाहिरातींत 'हमखास साइटिंग' असे शब्द असतात, काहींत ते फोनवर सांगितले जातात. गिऱ्हाईकाला जे विकलं, त्याचाच हिशेब ते मागणार. तेव्हा उत्तर द्यायचं कुणी? गाईडने नाही. ज्याने वाघ विकला त्याने.

जंगल पर्यटनातल्या कंपन्यांनी संवर्धनासाठी काय करावं, हा विषय निघाला की झाडं लावणं, शाळेत वह्या वाटणं, प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करणं अशी कामं पुढे येतात. यातलं काही वाईट नाही. पण माझं म्हणणं असं आहे, की कंपनीचं संवर्धनाचं पहिलं काम तिच्या स्वतःच्या दुकानात आहे. तिने वाघ विकणं थांबवावं आणि जंगल दाखवण्याचे पैसे घ्यावेत. हे एक केलं नाही, तर बाकीचं सगळं वरवरचं राहतं.

वाघ विकला की पुढे काय काय होतं, ते नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी पाहिलं. ३१ डिसेंबर २०२४. वर्षाचा शेवटचा दिवस, पर्यटकांची झुंबड. एफ-२ नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट अडवली. ती आणि तिची पिल्लं गाड्यांच्या मधोमध अडकली. चित्रफिती सगळीकडे फिरल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि गाईड निलंबित झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण जिप्सी चालवणारा माणूस आपल्या मनाने वाघिणीवर गाडी घालत नाही. मागच्या सीटवरून "घ्या, घ्या, अजून पुढे घ्या" चालू असतं. पुढच्या गाडीला दिसला आणि आपल्याला दिसला नाही, तर उद्या रिसॉर्टवाला दुसऱ्या चालकाला बोलावणार, हे त्याला माहीत असतं. टिप वाघावर ठरते, आणि वर्षातले तीन पावसाळी महिने कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असताना त्याला त्याच टिपांवर घर चालवायचं असतं. ही साखळी जिथून सुरू होते तिथे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या बुकिंग काउंटरवर, कुठलाच वनाधिकारी पोहोचू शकत नाही.

नियम आपल्याकडे कमी नाहीत. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं बंदच केलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, ही मर्यादा तेव्हापासूनची. गाड्यांची संख्या ठरलेली, वेळा ठरलेल्या, मंगळवारी ताडोब्याचा कोअर बंद, मोबाइल आत नेता येत नाही. हे नियम पाळून घेणारे अनेक प्रामाणिक अधिकारी मी पाहिले आहेत. पण नियम गेटवर लागतो, आणि पर्यटकाच्या मनात काय भरलंय ते गेटच्या बाहेर, महिनाभर आधी ठरून गेलेलं असतं. ते ठरवणं कंपनीच्या हातात आहे.

आता कंपनीवाले म्हणतील, वाघाचं नाव घेतलं नाही तर येणार कोण? धंदा बसेल.

याचं उत्तर मला वेळासला मिळालं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळचं हे लहानसं गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर आले होते. तिथे त्यांना ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. त्या काळी अंडी खणून काढली जायची, खाल्ली जायची, विकली जायची. त्यांनी गावातल्याच लोकांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात ५० घरटी वाचली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, आणि ती पिल्लं बघायला लोक येऊ लागले.

मी गेले तेव्हा सकाळी साडेसहालाच आम्ही किनाऱ्यावर होतो. कुंपणाच्या आत एकेका घरट्यावर टोपली पालथी घातलेली. गावातला एक मुलगा आत गेला, त्याने पहिली टोपली उचलली. रिकामी. दुसरी, रिकामी. आठ-नऊ टोपल्या उचलल्या, एकही पिल्लू नाही. माझ्या शेजारी नाशिकहून आलेली एक छोटी मुलगी रडवेली झाली. तो मुलगा कुंपणाजवळ आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. घरट्यात शंभराच्या वर अंडी कशी असतात, वाळू किती गरम आहे त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे कसं ठरतं, रात्री थंडी पडली की सगळं दोन-चार दिवस पुढे कसं जातं, हे त्याने तिला सांगितलं. दहा मिनिटं सांगत होता. चाळीस माणसं गप्प उभी राहून ऐकत होती. पैसे परत मागायला कुणी गेलं नाही. संध्याकाळी पुन्हा आलो, एका टोपलीखाली अकरा पिल्लं होती. ओल्या वाळूवर सोडल्यावर ती कशी तुरुतुरु निघाली, पहिल्या लाटेने उलटी पडली, पुन्हा सावरून निघाली, ते मी आजही डोळे मिटून पाहू शकते. पण त्या मुलीला विचारलं, तर तिला सकाळचीच गोष्ट जास्त आठवत असेल, असं मला वाटतं.

वेळासला कुणी खात्री दिली नव्हती. येण्याआधीच सांगितलं होतं, पिल्लं निघतील की नाही ते सांगता येत नाही. तरी लोक गेले आणि जात आहेत. राहायचं गावातल्या घरात, जेवायचं त्याच घरच्या पानावर, आणि कासवाबद्दल सांगणार त्याच घरातला मुलगा. कासव राखल्याने चूल पेटते हे गावाला दिसतं. म्हणून गाव कासव राखतं. व्याघ्र प्रकल्पाचं गणित याहून पुष्कळ अवघड आहे, हे मला मान्य आहे. कासव कुणाच्या जिवावर उठत नाही. पण पर्यटकाला आधी खरं सांगितलं तर तो येत नाही, ही भीती निराधार आहे, एवढं वेळासने नक्की दाखवलं.

मालवणला याच्या उलट अनुभव आला. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालेला हा किनारा. तिथे स्नॉर्केलिंगला गेले, तेव्हा बोटवाल्याने नांगर टाकला तो थेट प्रवाळावर. मग मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटांचा चुरा सोडला. पट्टेरी मासे झुंबडीने आले, सगळ्यांचे फोटो झाले. प्रवाळ म्हणजे काय, तो दगड आहे की जीव, हे कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बोटवाल्यावर राग धरून उपयोग नाही. मासे दाखवण्याचेच पैसे त्याला मिळत होते.

परत ताडोब्याकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं त्या गाईडपाशी येऊन थांबतं.

पर्यटक जंगलात चार तास घालवतो, त्यातला वाघ फार तर दहा मिनिटांचा. उरलेला वेळ गाईडचा असतो. त्या वेळात तो काय सांगतो? बहुतेक गाड्यांत तो "सांबराचा कॉल आला", "थांबू या", "दुसऱ्या पाणवठ्यावर बघू" एवढंच सांगतो, कारण त्याला तेवढ्यासाठीच आणलेलं असतं. पण त्याच्यापाशी सांगण्यासारखं केवढं आहे! 'ताडोबा' हे नाव तारू नावाच्या गोंड प्रमुखावरून आलं. तो वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव केलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. ज्या जंगलात आपण वाघ बघायला जातो, त्याचं नावच वाघाने मारलेल्या माणसाचं आहे, आणि तरी त्या माणसाच्या लोकांनी वाघ संपवला नाही. वाघ आणि माणूस यांच्या नात्याबद्दल याहून मोठा धडा कुठल्या माहितीपटात मिळेल? रस्त्याच्या कडेला गोंडकाळातले दगडी खांब उभे आहेत, त्यांच्या जवळून रोज कितीतरी जिप्सी धुरळा उडवत जातात. कांडोळाचं पांढरं झाड रात्री भुतासारखं का दिसतं, ऐनाचं झाड उन्हाळ्यात खोडात पाणी कसं साठवतं, मोहाच्या झाडाखाली अस्वलाची विष्ठा का सापडते, हे त्या मुलाला लहानपणापासून माहीत आहे. त्याची आजी त्याला हे सांगत आली. फक्त हे ज्ञान आहे आणि याचे पैसे मिळू शकतात, असं त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हे कंपनी सांगू शकते, आणि सांगण्याची रीत अगदी साधी आहे. टिप वाघावरून तोडून टाका. कंपनीने पर्यटकाकडून सेवेची ठराविक रक्कम आधीच घ्यावी, फेरी झाली की सगळ्या गाईडांच्या आणि चालकांच्या सामायिक खात्यात टाकावी. वाघ दिसो, न दिसो. "आमच्या टूरवर वेगळी टिप देऊ नका" हे पत्रकात छापावं. गाड्यांची शर्यत निम्म्याने तरी उतरेल, असा माझा विश्वास आहे. दुसरं म्हणजे, जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतो तेव्हा याच मुलांना बसवून पाखरं, झाडं, कीटक यांचं नीट शिक्षण द्यावं, आणि त्या तीन महिन्यांचं मानधन द्यावं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या १८८३ पासून काम करणाऱ्या संस्था आपल्या राज्यात आहेत. शिकवणाऱ्यांची वाण नाही. मोहर्लीत बायका गाईडचं काम करतात. त्यांच्याबरोबर मी दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा पाखरांबद्दल आणि रानभाज्यांबद्दल जे ऐकलं ते पुरुष गाईडांकडून ऐकलं नव्हतं. कंपन्यांनी मागणी केली, तर त्यांना जास्त फेऱ्या मिळतील.

आता त्या गाईडच्या आईकडे येते.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा. त्यातला सव्वासहाशेच्या आसपास कोअर आणि बाकीचा बफर. राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, बफर २०१० मध्ये अधिसूचित झालं, आणि त्यात ऐंशीच्या आसपास गावं आली. पर्यटनाचा सगळ्यात तेजीचा काळ मार्च ते मे, कारण पानगळ झालेली असते, पाणी आटलेलं असतं आणि वाघ पाणवठ्यावर येतो. नेमके हेच महिने गावाच्या पोटाचे. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. मोहाची फुलं पहाटे पडतात. उशीर झाला तर हरणं आणि अस्वलं खाऊन जातात, म्हणून बाया अंधारातच निघतात आणि झाडाखाली वाकून, बसून वेचतात. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. तेंदूचंही तसंच. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे, तेव्हा हातात पैसे येतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यात एखाद्या वर्षी असा आकडा पन्नाशीपर्यंतही गेला आहे. सरकार आता मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देतं. पैसे मिळतात, माणूस परत येत नाही.

२०२३ मध्ये ताडोब्याची माया वाघीण दिसेनाशी झाली, पुढे सापडलेल्या अवशेषांची डीएनए तपासणी झाली आणि ती गेल्याचं नक्की झालं. तेव्हा देशभरातून लोक हळहळले. मीही हळहळले. तिला तिच्या बछड्यांसह मी पाहिलं होतं. त्या दुःखात खोटं काही नव्हतं. पण मायाचं नाव माहीत असलेल्या पर्यटकाला ती ज्या जंगलात वाढली त्याच्या कडेच्या एकाही गावाचं नाव माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून देणं कुणाला आपलं काम वाटलं नाही. शिक्षण म्हणतात ते इथे कमी पडतं. वाघाच्या प्रेमात पडलेला, पण वाघाशेजारी राहणाऱ्या माणसाबद्दल काहीच न कळलेला पर्यटक घरी गेला, तर तो पुढच्या वेळी मतदान करताना, बातमी वाचताना, एखाद्या गावाच्या पुनर्वसनाबद्दल बोलताना अर्धवट माहितीवर बोलणार.

कंपन्यांनी बफरसाठी काय करावं, याचं एक अगदी छोटं उदाहरण देते. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधता येते. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात काही ठिकाणी हे केलं जातं. झाडाच्या घेराखाली कमरेएवढ्या उंचीवर जाळी ताणून बांधायची, फुलं तिच्यात पडतात. मग अंधारात जायचं कारण उरत नाही, उजाडल्यावर चार-पाच जणींनी मिळून जायचं, उभ्याने गोळा करायचं. फुलाला माती लागत नाही, त्यामुळे भाव बरा येतो. शिवाय झाडाखालचा पालापाचोळा साफ करायला जी आग लावतात, ती लावावी लागत नाही, आणि उन्हाळ्यातले निदान काही वणवे टळतात. एका गाडीत सहा पर्यटक बसतात, त्यांच्या दोन रात्रींच्या बिलातून अशा काही जाळ्या सहज निघतील. कंपनीने एक गाव धरावं, सगळी गावं नाही, एकच. त्या गावातली मोहाची झाडं कुणाकुणाची ते गावालाच माहीत असतं. जाळ्या त्यांच्या सल्ल्याने बांधाव्यात, आणि पर्यटकाला सकाळच्या सफारीनंतर तिथे नेऊन, गावाची परवानगी असेल तर, ते काम दाखवावं. वाघ न दिसलेल्या माणसाला तिथे वाघाबद्दल जे कळेल ते जिप्सीत बसून कळणार नाही.

पैशाची व्यवस्था मुळात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं प्रतिष्ठान मिळालं, गेटवरचा पैसा तिथे जमा होतो आणि प्रकल्पासाठी व गावांसाठी वापरता येतो. गॅस जोडण्यांपासून कुंपणापर्यंत कामंही झाली आहेत. पण पर्यटकाच्या खिशातून जो पैसा निघतो, त्यातला गेटवर पोहोचणारा वाटा लहान असतो. मोठा वाटा रिसॉर्ट, गाडी आणि कंपनीचा. त्यातला किती भाग मोहर्ली-कोलाऱ्याच्या हद्दीत राहतो? रिसॉर्टमधला भाजीपाला नागपूरहून येतो, व्यवस्थापक दिल्ली-मुंबईहून येतात, स्थानिक पोराला बाग झाडायचं काम मिळतं. रवांडात गोरिला बघण्याचा परवाना १,५०० डॉलरचा आहे, एका गटात आठच माणसं आणि गोरिलांजवळ एकच तास, आणि उद्यानाच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आजूबाजूच्या वस्त्यांना ठरलेला. तो वाटा त्यांना हक्काने मिळतो, कुणाच्या मेहरबानीवर नाही. आपल्याकडे कंपन्यांनी कायद्याची वाट न पाहता बिलातच 'गावाचा वाटा' अशी ओळ छापावी आणि वर्षाअखेर तो कुठे गेला ते ग्रामसभेत वाचून दाखवावं. हिशेब उघडा असणं इथे फार गरजेचं आहे. २०२३ मध्ये ताडोब्याच्या ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत १२ कोटींहून जास्त रुपयांच्या फसवणुकीची तक्रार वन खात्यालाच पोलिसांत द्यावी लागली होती. पैसा गावापर्यंत येतो, या बोलण्यावर गावाचा भरवसा का बसत नाही, ते त्यावरून समजावं.

जंगलात ज्यांना गुन्हेगार ठरवलं त्यांच्यापासून सुरुवात करण्याचेही दाखले आहेत. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातले वाघ २००९ पर्यंत पूर्ण संपले होते, बांधवगड आणि कान्हातून वाघ आणून पुन्हा सुरुवात करावी लागली. तिथल्या पारधी समाजाकडे शिकारी म्हणून बोट दाखवलं जायचं. 'लास्ट वाइल्डरनेस फाउंडेशन' या संस्थेने ताज सफारी ही पर्यटन कंपनी आणि वन खातं यांच्या मदतीने पारधी तरुणांना गाईड केलं. ते पर्यटकांना पायी जंगल दाखवतात, पाखरांचे आवाज काढतात, माग वाचून दाखवतात. केरळात पेरियारमध्ये जंगलातून दालचिनीची साल चोरणाऱ्यांनीच पुढे पर्यटकांना वाट दाखवण्याचं आणि गस्तीचं काम हातात घेतलं. पारध्यांचे किती तरी पाल आपल्या विदर्भ-मराठवाड्यात आहेत. त्यांच्या पोरांना तितर-लाव्ह्यांचं जे कळतं ते पाखरांवर पुस्तकं वाचणाऱ्या माझ्यासारखीला कळत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या टूर कंपनीने अशी पायवाट सुरू केली, तर पहिलं नाव मी नोंदवीन.

मुलांबद्दल दोन शब्द. मुंबई-पुण्याच्या शाळांची जंगल शिबिरं कंपन्या उत्साहाने घेतात, आणि चांगली घेतात. बफरमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी मात्र वाघ पाहिलेला असतो तो शेताच्या बांधावर, भीतीने. ताडोबा व्यवस्थापनाने 'चला माझ्या ताडोबाला' या उपक्रमातून अशा मुलांना सफारीला नेलं, हे फार चांगलं काम. कंपन्यांनी त्याला जोड द्यावी. शहरातली दहा मुलं आणली की गावातली दहा मुलं त्याच गाड्यांत, मिसळून बसवावीत. शहरातल्या मुलाकडे दुर्बीण असेल, गावातल्याला ठसा ओळखता येईल. वेगळ्या गाडीत, वेगळ्या दिवशी, दया म्हणून नेऊ नये.

काही मित्र म्हणतात, एवढी उस्तवार कशाला, पर्यटनच बंद करा, जंगल सुटेल. त्यांची तळमळ मला कळते. उमरेडची ती चित्रफीत पाहिल्यावर मलाही तसंच वाटलं होतं. पण पर्यटन बंद झालं तर त्या गाईडचं काम जाईल आणि त्याची आई तेंदूला जायची थांबणार नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला वाघापासून मिळणारी एकमेव मिळकत काढून घेऊन वाघ कसा वाचेल, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात पुढच्या सहलीसाठी मी एका कंपनीला फोन केला. "वाघ दिसला नाही, तर चार तासांत काय काय दाखवाल?" असं विचारलं. पलीकडचा मुलगा गडबडला, म्हणाला, "मॅडम, साइटिंग होतंच." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ते मला माहीत नाही, मी गाईडशी बोलून कळवतो. दोन दिवसांनी फोन आला तो थेट गाईडचा. "मॅडम, मे मध्ये नका येऊ," तो म्हणाला. "जूनच्या सुरुवातीला या. तेव्हा नवरंग पक्षी आलेला असतो, सकाळी शीळ घालतो. पहिला पाऊस पडून गेला असला, तर काजवेही दिसतील. गर्दी नसते. आणि मोह वाळवून ठेवलेला असतो घरी, आई देईल थोडा."

मी जूनच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग केलं आहे.